घोकलेली दुपार

केतकी देवरेला झोप लागली ती भर दुपारी, नाशिकच्या एका गजबजलेल्या चौकात, स्टिअरिंगवर डोकं टेकून. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला, पण गाडी हलेना. शेवटी गाडीनंच तिला दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही तेव्हा मोटर बंद केली, चारही दिवे लुकलुकायला लावले आणि चालक झोपला असल्याचं परिवहन खात्याला कळवून टाकलं. नव्या गाड्यांत ही सोय आता सक्तीची झाली होती.

हवालदारानं काच ठोठावली तेव्हा ती दचकून ओरडली, "सर, मागे बघा!"

हवालदारानं मागे पाहिलं. मागे पाण्याचा टँकर होता आणि त्याचा ड्रायव्हर शिव्या देत होता.

परवाना तिथल्या तिथे स्थगित झाला. झोपेच्या डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय तो परत मिळणार नव्हता, आणि केतकीची प्रयोगशाळा शहराबाहेर द्राक्षबागांच्या मधोमध होती. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधांचा अंश किती उरलाय, हे ती तपासायची. गाडीशिवाय तिथे पोचणं कठीण होतं.

"साक्ष तोंडावर आलीय," तिचा नवरा भूषण म्हणाला, "आणि तुला आत्ताच झोपायचं सुचलं?"

साक्ष शार्दूलच्या खटल्यातली होती. शार्दूल त्यांचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका क्लबच्या उघड्या तलावात पोहायला शिकताना तो बुडाला. नऊ वर्षांचा होता. आरोपी दोन होते. एक प्रशिक्षक संदेश कोठावदे आणि दुसरा क्लबचा सचिव. त्या बाजूचा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला. मुलांच्या सांगण्यात मेळ नव्हता. काठावरच्या पायऱ्यांवर बसलेली केतकी एवढीच काय ती धड साक्षीदार होती. भूषण त्या दिवशी धंद्याच्या कामानं पुण्याला होता. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला सगळंच हवं होतं. गेली चार वर्षं दर रविवारी कुणी ना कुणी घरी यायचं. खटल्यासाठी झालेल्या पालकांच्या समितीतली माणसं, पत्रकार, दूरचे नातेवाईक. भूषण केतकीला हॉलमध्ये बसवायचा आणि म्हणायचा, "सांग."

ती सांगायची. "कोठावदे सर पाठमोरे उभे होते. त्यांची पाठ खोल पाण्याकडे होती आणि माझ्याकडेही. मोबाइलमध्ये डोकं घातलेलं होतं. मोबाइलचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. मी ओरडले, सर, मागे बघा. त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा ओरडले."

पाहुणे चहा पिऊन जायचे. केतकी अंथरुणावर पडली की ती दुपार पहिल्यापासून सुरू व्हायची. शेवटाला यायची आणि परत पहिल्यापासून. मी आधी ओरडले असते तर? मीच उडी मारली असती तर? उजाडेपर्यंत तेच. मग उठून कामाला.

झोपेच्या डॉक्टर इरावती नाफडे फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. केतकी आणि भूषण दोघेही त्यांच्यासमोर बसले ते भांडायच्या तयारीनंच.

"मला गोळ्या नकोत आणि उपदेशही नको," केतकी म्हणाली. "दाखला द्या."

"दाखला झोपलात की मिळेल." डॉक्टरांनी तिच्या मेंदूच्या लहरींची नोंद पडद्यावर लावली. एकसारखे डोंगर, एकामागून एक. "हे बघा. माणूस रिकामा पडला की मेंदू बाहेरचं सोडून स्वतःत फिरायला लागतो. ते फिरणं हळूहळू सैल होतं, विचारांचे धागे सुटतात, झोप लागते. तुमचे सुटत नाहीत. तुमचा एकच विचार फिरून फिरून त्याच जागी येतो. प्रत्येक फेरीला शरीराला वाटतं, संकट आत्ता आलंय. नाडी वाढते, झोप पळते. झोप पळाली की त्या विचाराला रान मोकळं. आणि जागरण झालं की विचार आवरायची ताकद आणखी कमी होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच विचार दुप्पट जोरानं."

"माझा मुलगा मेलाय. मी दुसरं काय आठवू?"

"काय आठवावं हे मी ठरवत नाही. किती वेळा, एवढंच माझ्या हातात आहे."

त्यांनी कपाटातून एक पट्टी काढली. कानामागून कपाळावर येणारी, दोऱ्यासारखी बारीक. तिला विराम म्हणत. बस आगारांत, रुग्णालयांत, पाळ्यांत काम करणाऱ्यांमध्ये ती गेल्या दोन वर्षांत सर्रास दिसू लागली होती. ती माणसाच्या विचाराची फेरी ओळखायला शिकते, डॉक्टरांनी सांगितलं. एक फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधी क्षणभराची फट असते. नेमकी त्या फटीत ती कानात एक हलका आवाज सोडते. मेंदू तेवढ्यापुरता बाहेर लक्ष देतो आणि फेरी चुकते. असं आठवडा-दोन आठवडे झालं की फेरीची सवयच मोडते.

"आठवण पुसली जाईल का?" भूषणनं विचारलं. "तिची साक्ष आहे."

"पुसली जात नाही. पण एक ऐकून ठेवा. आठवण काढून बघितली की ती जशीच्या तशी परत ठेवली जात नाही. दर वेळी थोडी नव्यानं लिहिली जाते. काढताना मनात जे असेल ते तिला चिकटतं. राग, भीती, कुणी सुचवलेला शब्द. पुन्हा पुन्हा काढलेली आठवण ठसठशीत होते. खरी राहतेच असं नाही."

"म्हणजे माझी बायको खोटं बोलते?"

"मी मेंदूबद्दल बोलतेय."

"तुम्ही फक्त झोपेबद्दल बोला," भूषण म्हणाला आणि पट्टी उचलून खिशात टाकली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी केतकी जागी झाली तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं आणि तिला कळेचना की आपण कुठे आहोत. ती झोपली होती. सलग. तिला आधी लाज वाटली. मुलाला एकट्याला कुठेतरी विसरून आल्यासारखी लाज.

पण त्यानंतर शार्दूल यायला लागला. बुडणारा नव्हे, दुसरा. फ्रीज उघडताना तिला अचानक आठवलं की तो नदीवरून आणलेले गोटे फ्रीजमध्ये ठेवायचा, त्यांना उकडतं म्हणून. चार वर्षांत हे एकदाही आठवलं नव्हतं. त्या एका दुपारनं बाकी सगळ्या जागा अडवून ठेवल्या होत्या. फ्रीजच्या दारात उभी राहून ती हसली, अगदी आवाज करून.

"कसलं हसू येतंय?" भूषण दाढी करता करता बाहेर आला.

तिनं सांगितलं. तो ऐकून घेईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "कोठावदेही असाच हसत असेल. त्यालाही छान झोप लागत असेल."

त्यानंतर रोज सकाळी तो विचारायचा, "झाली झोप?" हा प्रश्न तो असा विचारायचा, जणू तिच्या हातून काही चोरी झाली होती. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या की तो तिच्या ताटाकडे बघायचा. ती फोनवर मैत्रिणीशी बोलली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. परवाना परत मिळाला, त्या दिवशी तो म्हणाला, "चला, तुझं सगळं सुरळीत झालं."

साक्षीच्या तयारीसाठी सरकारी वकिलांनी दोघांना कार्यालयात बोलावलं. केतकीनं सांगायला सुरुवात केली. शब्द आपोआप येत होते. "कोठावदे सर पाठमोरे उभे होते. त्यांची पाठ खोल पाण्याकडे होती आणि माझ्याकडेही. मोबाइलमध्ये डोकं घातलेलं होतं. मोबाइलचा उजेड..."

ती थांबली.

"बोला," वकील म्हणाले.

"दुपार होती. मे महिना. तलावाला छप्पर नव्हतं." ती सावकाश बोलू लागली, नमुन्यात नको ते सापडल्यावर बोलायची तशी. "भर उन्हात मोबाइलचा उजेड तोंडावर पडलेला दिसतो? आणि ते पाठमोरे होते. पाठमोऱ्या माणसाचं तोंड मला कसं दिसलं?"

वकिलांनी पेन खाली ठेवलं. चार वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

"तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

"पाठ पाहिली. मी ओरडले, ते वळले नाहीत. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा वळले. हातात काहीतरी काळं होतं. मोबाइल असेल. नसेलही."

"नसेलही?" भूषण उठून उभा राहिला. "कोठावदे म्हणतो स्टॉपवॉच होतं, तेच तू म्हणणार का आता? साहेब, हे यंत्राचं काम आहे. तिचा राग काढून घेतलाय त्यानं. दोन दिवस द्या, मी बघतो."

घरी आल्यावर त्यानं पट्टी घेतली आणि आपल्या सातपूरच्या वर्कशॉपच्या कपाटात नेऊन कुलूप लावलं.

"साक्ष होईपर्यंत झोपायचं नाही," तो म्हणाला.

"भूषण, मी गाडी चालवते."

"नको चालवू. रजा टाक. मला झोपलेली बायको नकोय. मला त्या दिवशीची केतकी पाहिजे. माझ्याकडे दुसरं काय आहे? मी तिथे नव्हतो. तुझे डोळे सोडले तर माझ्याकडे काही नाही."

"मग माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं तेच ऐक ना."

"ते तू चार वर्षं सांगत आलीस! आता फिरतेस!"

रोज जेवताना तो समोर बसायचा आणि ती दुपार स्वतःच सांगायचा, तिच्याच शब्दांत. पाठ, मोबाइल, उजेड, हाक. तिनं कानांवर हात ठेवले तर हात खाली ओढायचा. एकदा तिनं ताट त्याच्या अंगावर फेकलं. वरण शर्टावरून ओघळत असतानाही तो बोलतच राहिला.

आठवड्याभरात फेऱ्या परत सुरू झाल्या. झोप गेली. आणि मोबाइल परत आला. आधीपेक्षा ठळक. निळसर उजेड, कोठावदेच्या गालावर, त्याच्या मिशीवर. केतकीला तो स्वच्छ दिसत होता. तो कुठून आला हे पुरतं माहीत असूनही दिसत होता. तिला भूषणपेक्षा आता स्वतःच्या डोक्याची जास्त भीती वाटू लागली.

तिनं डॉक्टर नाफडेंना गाठलं. "खरं काय ते तुमच्या यंत्राला सांगता येईल का?"

"नाही. ते फेऱ्या मोजतं. खरंखोटं मोजत नाही. आणि मूळ आठवण तशीच्या तशी परत मिळणं आता शक्य नाही."

"मग कोर्टात येऊन एवढं तरी सांगा."

"मी येणार नाही. आले तर उद्या ज्याच्या ज्याच्या कानाला ही पट्टी असेल, त्या प्रत्येक साक्षीदाराला वकील वेडा ठरवतील. तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल."

"सोपं आहे तुम्हाला," केतकी म्हणाली.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

कोर्टात पालकांच्या समितीनं पुढचे दोन बाक भरले होते. भूषण त्यांच्या मधोमध बसला होता. कोठावदे एका कोपऱ्यात, कपाळावर आठ्या घेऊन. केतकीनं शपथ घेतली आणि तिला पक्कं जे माहीत होतं ते सांगितलं. प्रशिक्षकाची पाठ, तिची पहिली हाक, दुसरी हाक.

"त्यांच्या हातात काय होतं?" सरकारी वकिलांनी सावधपणे विचारलं.

"काळं काहीतरी. मोबाइल होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही."

बाकांवरून एकदम कुजबुज उठली. भूषण मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

उलटतपासणीला आधी उठल्या त्या क्लबच्या सचिवाच्या वकील, आणि त्याच सगळ्यांत जास्त चिडल्या होत्या. चार वर्षं त्यांचं म्हणणं एकच होतं. आम्ही शिकलेला, परवाना असलेला माणूस ठेवला, तो मोबाइलमध्ये रमला, त्यात क्लबचा काय दोष?

"तुमच्या जबाबात मोबाइल आहे. पत्रकारांना दिलेल्या प्रत्येक मुलाखतीत मोबाइल आहे. आज तो कुठे गेला?"

"कुठेही गेला नाही. मला आत्ताही दिसतोय."

"मग?"

"भर उन्हात त्याचा उजेड दिसतोय. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडावर दिसतोय. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही."

"तुम्ही मेंदूवर चालणारं एक यंत्र वापरता, खरं ना? यंत्रानं तुमची आठवण बिघडवली असं म्हणू या?"

"यंत्र लावलं तेव्हा मला शंका आली. यंत्र काढल्यावर मोबाइल परत आला. ती आठवण यंत्रानं बिघडवली नाही. मी ती सांगून सांगून बिघडवली. माझ्याकडून सांगवून घेणाऱ्यांनीही बिघडवली."

"गप्प बस!" भूषण ओरडला. न्यायाधीशांनी त्याला बाहेर काढायला सांगितलं. जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

वकील बाई हटल्या नाहीत. "मोबाइल नव्हता, तर प्रशिक्षक पाठमोरे का होते? तुम्हीच सांगा."

"पलीकडच्या टोकाला छोट्या मुलांचा दुसरा वर्ग चालू होता. तिकडे रडारड चालली होती. ते तिकडे बघत होते."

"दोन्ही वर्ग एकाच माणसाकडे होते?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि वकील बाईंचा चेहरा पडला. कोठावदेचे वकील कधी नव्हे ते ताठ बसले.

"हो," केतकी म्हणाली. "दोन्ही."

दुपारच्या सुट्टीत कोठावदे तिला जिन्याखाली भेटला. ती कधी त्याच्या इतकी जवळ उभी राहिली नव्हती. त्याचे केस पिकले होते.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, स्टॉपवॉच होतं," तो म्हणाला. "चार वर्षं. मला कुठे काम मिळालं नाही. माझ्या पोरीला शाळेत मोबाइल म्हणून चिडवतात. आता तुम्हाला शंका आली! उपकार झाले मॅडम."

"मी उपकार केले नाहीत."

"माफी तरी मागा."

"मोबाइलची मागते. माझी चूक झाली." ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. "पण तुम्ही पाठ फिरवली होती. क्लबनं तुम्हाला दोन वर्ग एकट्याला घ्यायला सांगितले आणि तुम्ही हो म्हणालात. मी पहिल्यांदा ओरडले ते तुम्ही ऐकलंत. ऐकलंत ना?"

कोठावदेनं जिन्यावर कुणी आहे का ते पाहिलं.

"मला वाटलं पलीकडचंच कुणी ओरडतंय," तो म्हणाला.

"हे आत जाऊन सांगा."

त्यानं सांगितलं की नाही, हे पुढे निकालात दिसलं. सांगितलं होतं. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. क्लबच्या सचिवाला त्याहून जास्त. इतक्या मुलांमागे एकच माणूस ठेवण्याचा निर्णय त्याच्या सहीचा होता. मोबाइलच्या गोष्टीआड तो चार वर्षं सुखानं बसला होता. क्लब बंद पडला. समितीच्या माणसांनी निकालाच्या दिवशी पेढे वाटले, केतकीला सोडून. तिनं ऐन वेळी शब्द फिरवला, असंच त्यांचं मत राहिलं. खऱ्या दोषीला आपण रागाच्या भरात झाकून ठेवलं होतं, हे मान्य करण्यापेक्षा ते सोपं होतं.

भूषण त्याआधीच सातपूरच्या वर्कशॉपवर राहायला गेला होता. पट्टी त्यानं एका कामगाराच्या हाती परत पाठवली, चिठ्ठीचपाटी काही नाही. केतकीनं ती काही आठवडे वापरली. मग तिच्याशिवायही झोप लागू लागली. रोज नाही, पण लागू लागली.

निकालानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी, भूषण दारात उभा राहिला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. आता जागरण त्याच्या वाट्याला आलं होतं. त्याची फेरी वेगळी होती. कोर्टातला तो बाक, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली केतकी, आणि मोबाइल नव्हता म्हणणारा तिचा आवाज.

"माझे कपडे न्यायला आलोय," तो म्हणाला.

ती आत जाऊन बॅग घेऊन आली. तो ती उचलून निघाला आणि वळून म्हणाला, "तुला बाकी सगळं आठवायला लागलंय म्हणे. तुझी मैत्रीण सांगत होती. काय आठवतं?"

प्रश्नात कुत्सितपणा होता. तरी केतकीनं उत्तर दिलं.

"तू त्याला स्कूटरवरून शाळेत सोडायला निघायचास. तो हेल्मेट मुद्दाम उलटं घालायचा. निळं, डोक्याला मोठं होणारं. आणि कोपऱ्यावरच्या लंगड्या कुत्र्याला रोज सलाम ठोकायचा. एकदा कुत्रा तिथे नव्हता, तर त्यानं तुला स्कूटर थांबवायला लावली होती. शोधायला."

भूषणनं बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"हे तरी खरं कशावरून?" तो म्हणाला. "हेही तू बनवलं असशील. तुझ्या आठवणींचा काय भरवसा? कोर्टात तूच सांगितलंस ना सगळ्यांना?"

"नसेल खरं," ती म्हणाली. "पण हे माझ्याकडून कुणी घोकून घेतलेलं नाही."

तो जिना उतरू लागला. तिनं दार लोटलं. एक मजला उतरल्यावर त्याच्या पावलांचा आवाज थांबला. मग खालून त्याचा आवाज आला, चिडलेला.

"निळं नव्हतं. निळं त्याला घट्ट व्हायचं. मी केशरी आणलं होतं."

केतकीनं दार उघडलं.